आगंतुक खाते

पंचांग काहीही म्हणो, मुंबईच्या पगारदार माणसाचा महिना तीस दिवसांचा कधीच नसतो. तो वीस-बावीस दिवसांचा असतो. उरलेले आठ-दहा दिवस पुढल्या महिन्याकडून हातउसने घेतलेले असतात. एक तारखेला पापलेटाचा भाव ऐकून ‘द्या दोन’ म्हणणारा गृहस्थ पंचवीस तारखेला कोथिंबिरीच्या जुडीभोवती तीन प्रदक्षिणा घालतो आणि ‘आज जरा कोमेजलेली दिसते’ असे म्हणून पुढे सरकतो. वाचकहो, आपला अनुभव याहून निराळा असेल तर आपले मनःपूर्वक अभिनंदन. पण आपण मुंबईत राहता यावर माझा विश्वास बसणार नाही.

गंमत अशी की ठरलेले खर्च माणसाला कधी बुडवीत नाहीत. घरभाडे, दूध, वीज, शाळेची फी ही मंडळी वेळेवर येतात आणि येण्याआधी वर्दी देतात. बुडवतो तो न सांगता दारात उभा राहणारा खर्च. ऐन वैशाखात पंख्याचे वाइंडिंग जळते. रविवारी रात्री दाढ ठणकू लागते. मुलाचा चष्मा शाळेच्या मैदानावर कोणाच्या तरी पायाखाली सापडतो. गावाहून निरोप येतो की चुलत बहिणीच्या मुलीचे लग्न ठरले, आणि आहेर तर केलाच पाहिजे. एकेक खर्च पाहिला तर किरकोळ. पण चार किरकोळ माणसे एका खोलीत शिरली म्हणजे घरच्या माणसाला उभे राहायला जागा राहत नाही, तसे ते होते.

माझे वडील फोर्टमधल्या एका कचेरीत कारकून होते. मुगभाटात आमच्या दोन खोल्या होत्या. वडील दर महिन्याला एका लांबट वहीत घरखर्च लिहीत. भाडे, वाणी, दूध, दळण, शाळा, विमा, ट्रामचे पैसे अशी खाती ओळीने असत आणि सर्वांत शेवटी एक खाते असे, ‘आगंतुक’. त्यात ते महिन्याच्या पहिल्याच दिवशी पाच रुपये मांडून ठेवीत. आई विचारी, “अहो, खर्च झालाच नाही, तर लिहिता कशाला?” वडील म्हणत, “पाहुणा येणार हे ठाऊक आहे, तारीख तेवढी ठाऊक नाही. त्याचा पाट आधी मांडून ठेवावा.” १ एप्रिल १९५७ रोजी आणे-पै जाऊन नवे पैसे आले, तेव्हा वडिलांनी सगळी वही नव्याने आखली. आण्याचे सहा नये पैसे धरले तर पाव पैसा बुडतो, याचे त्यांना महिनाभर वाईट वाटत होते. पण आगंतुकाचे पाच रुपये मात्र पाचच राहिले. रुपया काही बदलला नव्हता.

यंदा नवरात्र उलटल्यावर मी ठरवले की हे एकच खाते मनात धरून आपल्या जुन्या मुलखातून एकदा फिरून यावे. गिरगाव, परळ, लालबाग, दादर. या भागात तीन-चार पिढ्या बेताच्या पगारावर जगल्या. त्यांच्या दारी न सांगता आलेल्या पाहुण्याचा पाट कोणी मांडला, हे पाहावे. गिरगावच्या पोटातून आता मेट्रो धावते आणि वडिलांची ट्राम ३१ मार्च १९६४ ला कायमची डेपोत गेली. पण ठाकूरद्वारच्या नाक्यावर उभे राहिले की हिशेब अजून जुन्याच पद्धतीने सुचतो.

गिरगावच्या संसाराला पहिला आधार कोणी दिला असेल तर तो भाड्याच्या पावतीने. १९४७ चा मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा झाला आणि सर्वसाधारणपणे १ सप्टेंबर १९४० ला जे भाडे होते तेच प्रमाण भाडे ठरले. चाळीतल्या माणसाच्या जमाखर्चात एक आकडा दगडासारखा स्थिर झाला. पगार वाढला, महागाई वाढली, भाडे होते तेथेच राहिले. या एका आकड्याच्या जिवावर गिरगावातल्या कितीतरी मुलांची शिक्षणे झाली. अर्थात फुकटचे काही नसते. भाडे वाढत नाही म्हणून घरमालकाने गिलावा केला नाही, जिने कुजले, गच्च्या गळू लागल्या. शेवटी १९६९ साली सरकारला जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी निराळा कायदा करून मंडळ नेमावे लागले आणि भाडेकरूच्या खर्चात दुरुस्तीचा उपकर आला. पुढे १९९९ चा नवा भाडेनियंत्रण कायदा मार्च २००० पासून लागू झाला व वर्षाला चार टक्के भाडेवाढीची मुभा मिळाली. दरमहा वाचणारे पैसे आपण खाल्ले आणि त्याचा एकरकमी हिशेब इमारतीने पुढल्या पिढीकडे पाठवला, असेही म्हणता येईल.

दुसरा आधार सहकाराचा. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि दोनच वर्षांत, १९०६ च्या डिसेंबरात, श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी आपल्या गुरूंच्या नावाने शामराव विठ्ठल सहकारी संस्था काढली. १९१५ साली गावदेवीला सारस्वतांची सहकारी गृहसंस्था उभी राहिली, तीही त्यांच्याच खटपटीने. १९१८ साली सारस्वत सहकारी बँकिंग सोसायटी निघाली. आज ती फार मोठी बँक आहे. पण तिचा मूळ हेतू वाचला म्हणजे मला वडिलांच्या वहीतले शेवटचे खाते आठवते. घरातले लग्नकार्य, जुन्या कर्जाची फेड, आजारपणाचा खर्च अशा प्रसंगी सभासदाला तात्पुरती मदत मिळावी, यासाठी ती काढली होती. कारखाने उभारण्यासाठी नव्हे, व्यापारासाठी नव्हे; आगंतुकासाठी! कारकुनाला जामीन राहणारा दुसरा कारकून, आणि दोघांना ओळखणारा तिसरा कारकून संस्थेचा चिटणीस, असा तो कारभार. कर्ज बुडवावे तर संध्याकाळी जिन्यात कोणाला तोंड दाखवायचे? तारण म्हणजे माणसाची अब्रू.

तिसरा आधार बायकांच्या हातांनी लाटला. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. भांडवल ऐंशी रुपये, तेही उसने घेतलेले. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे झाली. त्याच उद्योगाचे ‘लिज्जत’ झाले आणि आज सुमारे पंचेचाळीस हजार बायका त्यात सभासद आहेत. या संस्थेचे मला सर्वांत मोठे कौतुक वाटते ते वणाईचे. पापड लाटून आणून दिले की लाटण्याची मजुरी हाती पडते. ज्या घरात पगार महिन्यातून एकदा येतो आणि खर्च रोज येतात, त्या घराला असे रोजचे चार पैसे काय मोलाचे असतात हे अर्थशास्त्राच्या प्राध्यापकापेक्षा चाळीतली बाई चटकन सांगेल.

गिरगाव सोडून भायखळ्याचा पूल ओलांडला की गिरणगाव लागते. आता तेथे गिरण्या नाहीत, नावे आहेत. पण एके काळी येथल्या माणसांचा जमाखर्च सरकारने पैपैसकट लिहून काढला होता. मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने १९२१-२२ मध्ये शहरातल्या २,४७३ कामगार कुटुंबांची पाहणी केली. १९२३ साली तिचा अहवाल छापून निघाला. कुटुंबाची सरासरी मासिक मिळकत ५२ रुपये ४ आणे ६ पै. शंभर रुपयांतले ५६.८ रुपये अन्नावर, ७.४ सरपण आणि दिवाबत्तीवर, ९.६ कापडावर, ७.७ घरभाड्यावर. आणि राहिलेले १८.५ रुपये? ते ‘किरकोळ’. पाहिलेत? किरकोळ खाते घरभाड्याच्या दुपटीहून मोठे! शंभर वर्षांपूर्वीचा गिरणी कामगार आणि आजचा आपला मुलगा यांचे निदान एका बाबतीत तरी जमते.

त्याच पाहणीत आणखी एक आकडा आहे. शंभरातली ४७ कुटुंबे कर्जात होती, आणि व्याजाचा नेहमीचा दर दरमहा रुपयाला एक आणा. ऐकायला एक आणा किती लहान वाटतो! वर्षाचे बारा आणे, म्हणजे शेकडा पंचाहत्तर. सावकार पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाशी उभा असे, आणि पगाराचा पहिला भाग घरी पोचण्याआधीच त्याच्या हातात जाई.

मग या लोकांनी सावकाराशिवाय दुसरी सोय केलीच नाही काय? केली. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या पुरुषांनी गावाच्या नावाने खोल्या घेतल्या. एका खोलीत वीस-वीस माणसे पाळीपाळीने झोपत, भाडे वाटून घेत आणि गावच्या मंडळाची वर्गणी भरीत. कोणाच्या घरी मयत झाले, कोणाला आजारपणात गावी पोचवायचे झाले, तर त्या वर्गणीतून पैसे निघत. धोबीतलावाला गोव्याच्या दर्यावर्दींचे ‘कूड’ आहेत, त्यांचीही रीत तीच. एका बाजूला गावदेवीची तसबीर, दुसऱ्या बाजूला क्रूस. मध्ये पत्र्याची पेटी आणि हिशेबाची वही दोन्हीकडे सारखीच.

या एकट्या पुरुषांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका हा गिरणगावच्या जमाखर्चाचा दुसरा अध्याय. कामगार जेवणार रोज, पैसे देणार पगार झाल्यावर. तोवर तांदूळ, रॉकेल, मासळी कोणी आणायची? बाईने, वाण्याकडून उधारीवर आणि वाण्याच्या भावाने. फारच अडले तर अंगावरचा डाग गहाण टाकून. १९६९ साली चौदा मोठ्या बँका राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या, तरी बँकेची पायरी चढायची कशी हे त्या बाईला कोण सांगणार? ते प्रेमा पुरव यांनी सांगितले. १९७५ साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, खाणावळवाल्यांचे गट केले, एकमेकींना जामीन ठेवले आणि बँकेचे कर्ज त्यांच्या चुलीपर्यंत आणले. गिरगावातल्या कारकुनांनी जे अब्रूच्या तारणावर केले, तेच लालबागच्या बायकांनी केले. फक्त येथे अब्रूच्या जोडीला हाताची चव होती.

मग १८ जानेवारी १९८२ आला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही. कोणत्याही घराचे आगंतुक खाते दोन महिने पुरेल, फार तर चार. वर्ष-दीड वर्ष पगारच येणार नाही, या संकटाला पाच रुपयांचा पाट कसा पुरणार? लालबाग-परळच्या घरांतून आधी दागिने गेले, मग तांब्या-पितळेची भांडी गेली, मग माणसे गावी गेली. खाणावळी ओस पडल्या. माझ्या भाचीच्या सासूबाई तेव्हा लालबागला खाणावळ चालवीत. बावीस जेवणाऱ्यांचे सहा उरले. त्या सहांपैकी चौघांनी पुढे कित्येक महिन्यांनी, कोणी गावाहून, कोणी भिवंडीहून, राहिलेले पैसे आणून दिले. दोघांचे आले नाहीत. “त्यांका मिळाले नसतीत,” एवढेच बाई अजून म्हणतात.

परळला आगंतुक खर्चाचे सर्वांत मोठे घर आहे, ते म्हणजे दवाखाना. १९२६ सालचे के. ई. एम., १९२९ सालचे वाडियांचे मुलांचे रुग्णालय आणि १९४१ सालचे टाटा मेमोरिअल ही तिन्ही एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. सार्वजनिक रुग्णालयात शस्त्रक्रियेचा खर्च बेताचा असतो हे खरे. पण घरच्यांचा येण्याजाण्याचा खर्च, बाहेरून आणायच्या वस्तू, बुडालेला रोज आणि बरोबरच्या माणसाचे राहणे-जेवणे हे खाते कोणी छापून देत नाही. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. कर्करोगाच्या उपचारांसाठी गावोगावहून आलेली माणसे तेथे अल्प पैशांत राहतात. त्या माणसांच्या दृष्टीने ती धर्मशाळा हे अर्धे औषधच होय. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते, ती मुद्दाम सांगतो. धर्मादाय संस्थांच्या मोठ्या रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बळ घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. २००६ साली उच्च न्यायालयाच्या मान्यतेने तशी योजना झाली. उत्पन्नाचा दाखला बरोबर नेऊन तेथल्या समाजसेवकाला विचारायला लाजू नये. हक्क मागितल्याने अब्रू जात नाही.

लालबागचा मसाल्याचा बाजार मात्र या साऱ्या भीतीवरचा उतारा वाटतो. एप्रिल-मे महिन्यांत येथे मिरच्यांचे ढीग पडतात, बायका बेडगी-शंकेश्वरी निवडून घेतात आणि डंकावर वर्षाचा मसाला कुटून नेतात. आगोटीची बेगमी, असा खास शब्द आमच्या कोकणी माणसांत आहे. पावसाळ्याआधी तांदूळ, मसाला, सुकी मासळी घरात पडली की मग पगाराला उशीर झाला तरी भात आणि तिखट कालवण यांना मरण नाही. बेगमी म्हणजे काय? पुढल्या अडचणीला आजच्या भावाने विकत घेणे.

ती माझी भाची वैशाली. तिची हकीकत सांगितली पाहिजे, कारण माझी ही भटकंती खरे म्हणजे तिच्यामुळेच घडली. ती लालबागला एका जुन्या चाळीत राहत असे. मजल्यावरच्या वीस बायकांची भिशी होती, दरमहा प्रत्येकी हजार रुपये. महिन्याच्या दहा तारखेला वीस हजार जमत, चिठ्ठी निघे आणि जिचे नाव येई ती घेऊन जाई. ज्यांना व्याजाचे गणित आवडते त्यांना भिशीत फायदा दिसणार नाही. जेवढे भरले तेवढेच परत मिळते. पण ती सक्तीची शिल्लक आहे, आणि शेजारणीला हजार रुपये नाकारणे बँकेचा हप्ता चुकवण्यापेक्षा अवघड असते. दोन वर्षांपूर्वी वैशालीच्या नवऱ्याचे हर्नियाचे ऑपरेशन एकाएकी करावे लागले. तो एका लहान खासगी कंपनीत. तीन आठवडे बिनपगारी गेले. वैशालीला अठरा हजारांची तूट पडली. तिच्या फोनवर एका अॅपची जाहिरात आली, दहा मिनिटांत कर्ज. तिने मला फोन केला, “मामा, तुम्ही जरा हिशेब करून सांगा ना. दहा हजार मागितले तर हातात साडेआठ येतात, आणि पंधरा दिवसांनी दहा परत द्यायचे. दीड हजार काही फार नाहीत, नाही का?”

मी वडिलांच्या पद्धतीने कागदावर मांडून पाहिले. साडेआठ हजारांवर पंधरा दिवसांचे दीड हजार, म्हणजे वर्षाला सव्वाचारशे टक्क्यांच्या वर! गिरणीच्या फाटकाशी उभा असणारा सावकार पंचाहत्तर टक्क्यांवर समाधान मानीत होता, आणि निदान त्याचा चेहरा तरी दिसत होता. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ पासून नियम केले आहेत की अशा कर्जाचा एकूण वार्षिक दर आधी लेखी सांगितला पाहिजे आणि पैसे थेट कर्जदाराच्या खात्यातच जमा झाले पाहिजेत. त्या अॅपवर असा कागद कोठेच नव्हता. मी म्हटले, “जो दर सांगत नाही, त्याच्याकडून एक रुपया घेऊ नकोस. तुमच्या भिशीला विचार.”

“मामा, या महिन्याचा नंबर माझा नाही. मालवणच्या काकूंचा निघालाय. त्यांना दात बसवायचेत.”

तरी तिने भिशीच्या दिवशी विषय काढला. काय घडले ते तिनेच मला सांगितले. काकूंनी तोंडावर पदर धरला, कारण पुढचे दात नव्हते, आणि म्हणाल्या, “माझो नंबर हिका देवा. माका आता कसली घाई? भात काय गिळूक येता.” कागद नाही, सही नाही, व्याज नाही. काकूंनी वैशालीचा नंबर घेतला, तो निघाला पाच महिन्यांनी. तोवर त्या पेज आणि मऊ भात खाऊन राहिल्या. वैशाली दर रविवारी त्यांना माशाचे सार नेऊन देत असे. ते व्याज म्हणायचे असेल तर म्हणा.

आता ती चाळ उरली नाही. पुनर्विकास झाला, आणि वैशाली बाविसाव्या मजल्यावर राहते. मुंबईभर हेच चालले आहे. वरळीच्या बी.डी.डी. चाळींतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. एकशेसाठ चौरस फुटांच्या खोलीतून पाचशे चौरस फुटांच्या घरात. घरातच संडास, नळाला पाणी, मुलाला अभ्यासाला कोपरा. ज्याने चाळीतल्या सामाईक संडासापुढे पहाटे बादली घेऊन रांग लावली आहे, तो या सुखाला नावे ठेवणार नाही. मीही ठेवत नाही. पण उंच इमारतीचा जमाखर्च निराळा असतो. चाळीत भाडे शे-दोनशे असे. येथे उद्वाहन, पाण्याचा पंप, रखवालदार यांचे मिळून महिन्याला काही हजार द्यावे लागतात. आणि उद्वाहन बिघडले की सोसायटीची चिठ्ठी येते, प्रत्येक घरी जादा वर्गणी. आगंतुक आता बाविसाव्या मजल्यावरही चढतो, आणि उद्वाहन बंद असले तरी चढतो.

त्याहून मोठी अडचण निराळी. वीस भिशीवाल्या सहा मजल्यांवर विखुरल्या. चौघींनी घर भाड्याने देऊन विरार गाठले. दारे बंद असतात. पूर्वी कोणाच्या घरी चूल पेटली नाही तर व्हरांड्यात लगेच कळे. आता कोणाला पैशाची तंगी आहे हे शेजारच्या दारालाही कळत नाही. भिशी बंद करावी असे बहुमत झाले होते. वैशालीने मला विचारले, “मामा, चालू ठेवावी का? ओळख कमी झाली की भरवसा कमी होतो.”

याचे उत्तर शोधायला मी दादरला गेलो. दादर-नायगाव हा खर्चाशी भांडणाऱ्यांचा मुलूख. २ मे १९४३ ला मुंबईत रेशनिंग सुरू झाले आणि रांगेत उभे राहणे हा गृहिणीचा नित्यधर्म ठरला. १९४८ साली नायगावला कामगारांनी आपले सहकारी ग्राहक भांडार काढले, तेच पुढचे अपना बाजार. १९७२ साली महागाईविरोधी महिला समितीने मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने लाटणी हातात घेऊन मोर्चे काढले. आणि १९७५ च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत निघाली. तिची रीत मला फार आवडते. दहा-वीस कुटुंबांचा एक संघ, महिन्याची यादी आधी भरायची, माल घाऊक खरेदीने यायचा आणि सभासदांनीच आळीपाळीने तो वाटायचा. पैसे तर वाचतातच. पण यादी आधी लिहिली की दुकानातल्या फळ्यांवरच्या नसत्या मोहाला जागा राहत नाही. आणि वाटपाच्या दिवशी शेजारी एकमेकांना भेटतातच. नव्या वसाहतींतून, नव्या इमारतींतून असे संघ चालले. त्यांची ओळख चाळीतून आयती मिळालेली नव्हती. महिन्यातून एकदा तांदळाची पोती मोजताना ती त्यांनी जमवली.

मी वैशालीला तेच सांगितले. ओळख असली तरच भिशी चालते हे खरे, पण भिशी चालली तर ओळखही राहते. मात्र काही पथ्ये पाळा, असेही बजावले. बाहेरचे, कोणाच्या ओळखीचे ओळखीचे, घेऊ नका. रक्कम वाढवू नका. जी रक्कम बुडाली तर घर बुडणार नाही तेवढीच असू द्या. हिशेब दोघींच्या वहीत ठेवा. आणि भिशी हे सगळे नव्हे. दोन-तीन महिन्यांच्या खर्चाइतके पैसे प्रत्येकीने बँकेत निराळ्या खात्यात ठेवावेत. तेही एकाच ठिकाणी फार नकोत. ठेवींचा विमा १९६२ साली पंधराशे रुपयांपासून सुरू झाला, तो २०२० साली पाच लाखांपर्यंत वाढवला गेला. बँक बुडाली तर एका बँकेतल्या एका ठेवीदाराला तेवढ्याचेच संरक्षण. आजारपणाचा विमा तरुणपणीच उतरवावा. सोने मोडायची वेळ आली तर मोडावे, ते त्यासाठीच असते. पण सणाच्या खरेदीसाठी ते गहाण टाकू नये.

दिवाळी म्हणजे या भागात बोनसचा सण. १९६५ च्या कायद्याने बोनसला हक्काचे रूप आले, पुढे किमान बोनस ८.३३ टक्के ठरला. म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, एक जादा पगार. तो पगार येण्याआधी किती वेळा खर्च झालेला असतो हे सांगायला नकोच. परवा वैशालीकडे गेलो तेव्हा तिच्या नवऱ्याचा बोनस व्हायचा होता, आणि यादी मात्र तयार होती. मी चष्मा लावून वाचली. मुलाचे कपडे, सासूबाईंचे लुगडे, लालबागचा चिवडा अर्धा किलो, कंदील, भाऊबीज, उद्वाहनाची जादा वर्गणी. सर्वांच्या वर, पहिल्या ओळीत, तिने लिहिले होते: आगंतुक, तीन हजार.

मी म्हटले, “अगं, आजोबा हे खाते शेवटी लिहीत.”

“म्हणून तर वर घेतलं, मामा,” ती म्हणाली. “शेवटी लिहिलं की तोवर पैसे उरत नाहीत.”

भिशी चौदाजणींवर चालू आहे. दहा तारखेला, उद्वाहन चालू असो वा नसो, मालवणच्या काकूंच्या घरी अकराव्या मजल्यावर जमायचे असे ठरले आहे, कारण त्या वरही नाहीत आणि खालीही नाहीत. या महिन्याचा नंबर कोणाचा निघाला ते मला ठाऊक नाही. काकूंनी मात्र दात बसवले. त्या दिवशी त्यांनी मला चकली पुढे केली आणि स्वतः एक उचलून कडाकड खाऊन दाखवली.